बस्त्याआधी साडी दारात नेऊन बघ

पत्र:

ताई, माझं लग्न फेब्रुवारीत आहे, गोरज मुहूर्तावर, औरंगाबाद रोडच्या एका लॉन्सवर. मी नाशिकच्या सिडकोत राहते. वर्णाने सावळी, आईसारखी. होणारा नवरा गोरा आहे. पुढच्या महिन्यात बस्ता आहे आणि घरात रोज नवा नियम निघतोय. आत्या म्हणते, पिवळं घालू नकोस, काळी दिसशील, आणि गडद तर अजिबात नको. सासूबाईंनी फिकट पिस्ता रंगाचा शालू सुचवलाय. पार्लरवाली म्हणते, दोन शेड उजळ मेकअप करू, मग कुठलाही रंग चालेल. मला मात्र आजीची जांभळी नऊवारी पैठणी लहानपणापासून आवडते. ती नेसावी, नाहीतर निदान तसा रंग घ्यावा असं मनात आहे, पण आत्याने ती पेटीतून काढूसुद्धा दिली नाही. आणखी एक. मेंदीच्या दिवशी मी, धाकटी बहीण आणि मावसबहीण अशा तिघी एकाच रंगाच्या साड्या नेसणार आहोत. बहीण एकदम गोरी, मावसबहीण गव्हाळ. तो रंग कुठला घ्यावा? सावळ्या मुलीला नक्की काय शोभतं ते एकदा सांगाच.
– सिडकोची सावळी

उत्तर:

लाडक्या मुली,

पिस्ता शालूचं वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्याही बस्त्यात तोच रंग आला होता. मी तुझ्याच वर्णाची. दुकानात गादीवर आम्ही आठ माणसं बसलो होतो आणि दुकानदाराने आईकडे बघून सांगितलं, "मुलगी सावळी आहे, फिकटच उठून दिसेल." उठून दिसला तो शालू. माझ्या लग्नाच्या फोटोत आधी शालू दिसतो, मग हार, मग मी, आणि माझ्या गालांवर राखेचं बोट फिरवल्यासारखी छटा आहे. आई फोटो बघताना म्हणायची, "दमली होतीस गं तेव्हा." मी दमले नव्हते. पुढे मी स्वतः साड्यांच्या गादीवर वीस वर्षं काढली, शेकडो नवरीमुलींच्या खांद्यावर पदर टाकून बघितले, तेव्हा कुठे कळलं की त्या दिवशी काय चुकलं होतं.

म्हणून आधी हे सांगते. "कुठल्या रंगात मी गोरी दिसेन" हा प्रश्न घेऊन बस्त्याला जाऊ नकोस. ज्याने त्याने तुझ्यासाठी हाच प्रश्न सोडवायला घेतलाय, म्हणून घरात इतके नियम निघतायत. तू एवढंच बघ, की साडी अंगावर आली की बघणाऱ्याची नजर आधी कुठे जाते. चेहऱ्यावर गेली तर रंग जमला. कापडावर गेली तर दुसरी साडी काढायला सांग.

पदर खांद्यावर आला की त्याच्यावर पडलेला उजेड उलटून हनुवटीखाली, गळ्यावर आणि गालाच्या खालच्या भागावर येतो. कापड हिरवट असेल तर तिथे हिरवट झाक, तांबूस असेल तर तांबूस. शिवाय दोन रंग शेजारी आले की आपला डोळा त्यांच्यातला फरक वाढवून बघतो. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचा एक रसायनतज्ज्ञ होता. पॅरिसच्या गोब्लँ विणकामखान्यात रंगाईचं खातं त्याच्याकडे होतं. तिथे तक्रार यायची की काळा धागा हवा तसा काळा दिसत नाही. त्याने तपासलं तर रंग पक्का होता, धागा फिका पडत होता तो शेजारच्या रंगांमुळे. १८३९ मध्ये त्याने हा नियम सविस्तर मांडला. काठ बदलला की साडीचं तेच अंग वेगळं दिसतं, हे आपल्या येवल्यातला कुठलाही विणकर सांगेल.

हेच आता पिस्त्याला लावून बघ. तो पांढुरका हिरवा सावळ्या गालाशेजारी आला की गाल आहे त्याहून गडद दिसतो, वर कापडाची हिरवट झाक हनुवटीवर पडते ती वेगळीच. ज्यासाठी फिकट घ्यायचं म्हणतात, त्याच्या बरोबर उलटं होतं. बेबी पिंक, पावडर ब्लू, फिकट लव्हेंडर, ज्या ज्या रंगात पीठ मिसळल्यासारखा पांढुरकेपणा असतो, ते सगळे आपल्या वर्णावर थोडे फार असंच वागतात. सायीसारखा मोतिया मात्र यात धरू नकोस. त्याच्यात पिवळसर ऊब असते, सोनेरी जरीचा काठ असेल तर तो सावळ्या अंगावर फार देखणा दिसतो. फिकट रंग हवाच असेल तर तो घे.

पण सावळेपणाही एकाच जातीचा नसतो. कुणाच्या सावळेपणात मधासारखा पिवळसरपणा असतो, कुणाच्यात तांब्याचा लाल, तर कुणाच्यात पिकल्या जांभळाची निळसर झाक. गोऱ्या आणि गव्हाळ मुलींचंही तसंच. एक गोरी गुलाबी, दुसरी गोरी पिवळी, आणि दोघींना एकच रंग सहसा शोभत नाही. तुझी जात कुठली हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, पण तू घरी दहा मिनिटांत शोधू शकतेस. मनगटाच्या नसा निळ्या की हिरव्या, ही मोबाइलवर फिरणारी युक्ती सोडून दे. गडद त्वचेत नसा धड दिसतच नाहीत.

दोन ब्लाउजपीस घे. एक शेंदरी लाल, म्हणजे पिवळ्याकडे झुकलेला. दुसरा डाळिंबी लाल, म्हणजे गुलाबी-निळ्याकडे झुकलेला. तोंड धुवून, मेकअप न करता, केस मागे बांधून सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीसमोर उभी राहा. ऊन थेट तोंडावर नको, नुसता उजेड हवा. आधी एक कापड गळ्याशी धर, मग दुसरं. कापडाकडे बघू नकोस. डोळ्यांखाली बघ, ओठांच्या कोपऱ्यांकडे बघ, हनुवटीच्या सावलीकडे बघ. एका लालात या तिन्ही जागा काळवंडतात. दुसऱ्यात सावल्या विरघळतात आणि डोळे टपोरे वाटायला लागतात. हे इतकं स्पष्ट दिसतं की पहिल्यांदा बघणारी मुलगी हमखास कापडं अदलाबदल करून पुन्हा बघते.

शेंदरी जमला तर हळदी, गेंदा, मोहरी, कुसुंबी, विटकरी, शेवाळी हे तुझे रंग, आणि जरीचा काठ जुन्या सोन्यासारखा, जरा तांबूस. डाळिंबी जमला तर राणी, गुलबक्षी, वांगी, आमसुली, मोरपंखी, पाचूचा हिरवा. तिथे रुपेरी जरही छान दिसते. दोन्ही जमले तर तू नशीबवान. गव्हाळ मुलींचं पुष्कळदा असं होतं, तुझ्या मावसबहिणीचंही होईल.

आता आत्याचं पिवळं. मामाकडून अष्टपुत्री येणार असेल तर ती पिवळीच येणार, ती टाळायची कशी? टाळायची गरजही नाही. पिवळ्यात लिंबू वेगळा आणि हळदी वेगळा. लिंबू रंगात हिरवट अंश असतो, तो सावळ्या चेहऱ्यावर आजारी झाक आणतो. आत्याने कधीतरी असं कुणावर पाहिलं असेल आणि सगळ्याच पिवळ्यावर काट मारली असेल. ओल्या हळदीचा, झेंडूचा पिवळा सावळ्या अंगावर जसा झळकतो तसा गोऱ्या अंगावर झळकतच नाही. पिवळसर गोऱ्या मुलीचा चेहरा तर त्यात विरून जातो. आपल्याच गावात काळ्या पाषाणाचा राम आहे. त्याच्या अंगावर भरजरी, भडक वस्त्र असतं तेव्हा रूप कसं खुलतं, हे नाशिककराला मी काय सांगू. मामींना फोन करून एवढंच सांग, "मामी, लिंबू नको, हळदीचा बघा, आणि काठ लाल असला तर फारच छान."

जांभळ्यावर मात्र मला सावकाश बोलायचं आहे. तुझं मन तिथे आहे, आणि पैठणीतला जांभळा हा एक रंग नसतोच.

पैठणीच्या अंगात उभा धागा म्हणजे ताणा एका रंगाचा आणि आडवा धागा म्हणजे बाणा दुसऱ्या रंगाचा घालायची पद्धत आहे. साडी हलली की कधी एक रंग वर येतो, कधी दुसरा. हीच ती धूपछांव. जांभळा बहुतेक वेळा असाच जमतो, लाल आणि निळ्याच्या मिळणीतून. म्हणून कपाटात शेजारी ठेवलेल्या दोन जांभळ्या पैठण्या सारख्या दिसतात, आणि नेसल्यावर एक वांग्याकडे जाते, दुसरी शाईकडे. सावळ्या अंगावर लालाकडे झुकलेला जांभळा फार गोड दिसतो. त्याची तांबूस झाक गालावर येते, दिवा लावल्यासारखी. शाईकडे झुकलेला जांभळा डाळिंबी जमणाऱ्या मुलीला चालतो, बाकीच्यांना तो डोळ्यांखाली ओढतो.

तर आजीची पैठणी कशी आहे ते आधी बघ. साडीचं आतलं टोक, जे आपण खोचतो, ते हातात घे. तिथल्या दशा म्हणजे नुसता ताणा. त्यांचा रंग बघ. त्या निळ्या असतील तर लाल आडव्यात आहे, त्या लाल असतील तर निळा आडव्यात. मग साडीची एक घडी दोन हातांवर धरून हळूहळू कलती कर आणि कुठला रंग जास्त वेळ वर राहतो ते बघ. काठापदराकडे शेवटी जा. हिरवा काठ असेल तर तुझ्या हिरव्या चुड्याशी तो इतका जुळेल की वेगळं काही शोधावं लागणार नाही.

हे घरात खिडकीशी बघितलंस की रात्री पिवळ्या दिव्याखाली पुन्हा बघ. तुझा मुहूर्त गोरज आहे, म्हणजे अक्षता पडतील तेव्हा उजेड जात असेल आणि पुढचा सगळा सोहळा दिव्यांत होईल. पिवळ्या दिव्याच्या उजेडात निळा अंश कमी असतो, त्यामुळे निळसर रंग त्यात मळकट, काळपट होतात आणि लालसर रंग खुलतात. लालसर जांभळा संध्याकाळच्या लग्नात राणीसारखा दिसेल. शाईसारखा जांभळा फोटोत काळा येईल, आणि मग आत्या म्हणेल, "बघ, मी सांगत होते."

दुकानातही हीच गोष्ट ध्यानात ठेव. बऱ्याच दुकानांत पांढरेशुभ्र, निळसर दिवे असतात. त्यात राणी रंग थंड दिसतो आणि हळदी रंग लिंबासारखा दिसतो. मी गादीवर असताना एक मुलगी सिन्नरहून आली होती, अगदी गडद सावळी. आई, काकू, मामी सगळ्या मिळून तिला आकाशी घ्यायला लावत होत्या. मी तिच्या खांद्यावर कुसुंबी टाकली. आरशात ती कुणालाच पटली नाही. मी तिला तशीच हाताला धरून दुकानाच्या दारात नेली. बाहेर दुपारचं ऊन समोरच्या भिंतीवर पडून मऊ होऊन येत होतं. ती वळली आणि तिच्या मामीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. आकाशी साडी घडी घालून आत गेली. म्हणून सांगते, साडी दारात नेऊन बघायला लाजू नकोस. चांगला दुकानदार कधी नाही म्हणत नाही.

पार्लरचं थोडक्यात सांगते. दोन शेड उजळ मेकअप करू नकोस. चेहरा एका रंगाचा आणि गळा, दंड, हात दुसऱ्या रंगाचे होतात. नवरीचे हात तर सारखे चेहऱ्याजवळ येतात, हार घालताना, घास भरवताना. फाउंडेशन मनगटावर लावून बघतात ते चूक आहे. ते जबड्याच्या कडेपासून गळ्यापर्यंत ओढून बघायचं आणि दारात जाऊन बघायचं. दिसेनासं झालं तर ते तुझं.

फोटोग्राफरलाही आधी एक गोष्ट सांगून ठेव. गोरा नवरा, त्याची मोतिया शेरवानी आणि सावळी नवरी एका चौकटीत आली की कॅमेरा उजळ भागाकडे बघून उजेड कमी करतो आणि नवरीचा चेहरा अंधारात जातो. उजेडाचं माप तुझ्या चेहऱ्यावर घ्यायला सांग. स्टेजवर निळे-जांभळे फोकस नकोत, हे डेकोरेशनवाल्याला आजच सांग. त्या दिव्यात कुणाचाच वर्ण वर्ण राहत नाही, गोऱ्याचाही नाही.

आता तुम्ही तिघी. एकाच थानातली साडी तिघींनी नेसली तर एकीवर ती खुलेल आणि दोघी फोटोत मागे जातील. रंगाचं घराणं एक ठेवा, उतरती-चढती छटा प्रत्येकीची वेगळी. मेंदीला हिरवा किंवा गुलाबी, दोन्ही चांगले, पण मी गुलाबी घेईन. तू गुलबक्षी किंवा गडद राणी. मावसबहिणीला अबोली, कारण गव्हाळ रंगावर अबोलीसारखी दुसरी छटा नाही. बहीण गुलाबी गोरी असेल तर तिला गुलाबाच्या पाकळीचा मऊ गुलाबी. ती पिवळसर गोरी असेल तर मात्र जरा भरलेला, लाल डाळिंबाच्या दाण्यासारखा घ्या, नाहीतर ती फिकी पडेल. तिघींचा काठ एकसारखा सोनेरी घेतलात की बघणाऱ्याला लगेच कळेल की या एका घरच्या. आणि तू मधे उभी राहा. सगळ्यात गडद रंग मधे असला की फोटो बांधल्यासारखा दिसतो.

सासूबाईंचा पिस्ता शालू राहिला. शालू त्यांच्याकडून येणार असेल तर थेट "नको" म्हणणं अवघड, हे मला कळतं. बस्त्याच्या आधी आठवडाभर तू आणि आई दोघीच मेनरोडला एक चक्कर मारा. काही घेऊ नका, नुसतं बघा. तुला खरंच शोभणारे दोन-तीन रंग नक्की कर आणि दारात नेऊन दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेव, फोनचं ब्युटी फिल्टर बंद करून. मग बस्त्याला सासूबाईंसमोर ते ठेव आणि म्हण, "आई, यातला तुम्हाला आवडेल तो घेऊ." निवड त्यांची राहील आणि साडी तुला शोभणारी येईल. माझ्या अनुभवात दहातल्या नऊ सासवा यावर खूश होतात, कारण त्यांनाही सून चांगली दिसायलाच हवी असते. त्या पिस्त्यावर अडूनच बसल्या, तर शालू घे आणि ब्लाउज गडद वांगी किंवा आमसुली शिव, गळा बंद आणि बाह्या कोपरापर्यंत. चेहऱ्याशेजारी मग ब्लाउजचा रंग येईल, पिस्ता खाली राहील. हे होणाऱ्या नवऱ्यालाही सांगून ठेव. त्याच्या आईशी त्याने एक वाक्य बोललं तर तुझी दहा वाचतील.

आणि आत्याशी वाद घालू नकोस. तिच्या वयाच्या सावळ्या बायकांनी काय काय ऐकून घेतलंय ते मला माहीत आहे, मीही ऐकलंय. ती तुला त्यातून वाचवायला बघतेय, फक्त रस्ता चुकलाय. तिच्याकडूनच पेटीची किल्ली माग. म्हण, "आत्या, मला नेसायची नाही, नुसती उघडून बघू दे, तूही ये."

पैठणी काढताना घाई नको. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच उसवतं. खाली धुतलेली सुती चादर पसर, साडी हळूहळू उलगड, आणि प्रत्येक घडीचा दुमड उजेडासमोर धरून बघ. बारीक चिरा दिसल्या तर ती लग्नात नेसू नकोस, चालताना काष्ट्यावर ताण येतो आणि साडी फाटते. मग ती सीमांतपूजनाच्या वेळी शेल्यासारखी खांद्यावर घे, आणि लग्नासाठी तिच्यासारखी नवी विणून घे. येवला आपल्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटर. हातमागावर साधी पैठणीसुद्धा काही आठवडे घेते आणि भरल्या पदराची महिने घेते, म्हणून बस्त्याची वाट न बघता याच आठवड्यात जा. विणकराला आजीच्या साडीचं आतलं टोक दाखव, दशांचा रंग दाखव आणि सांग की लाल जरा जास्त दिसू दे. पदर उलटा करून बघायला विसरू नकोस. हातमागाच्या पैठणीत मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, सुटे धागे लोंबत नाहीत.

चिरा नसतील तर साडी एक दिवस सावलीत वाऱ्यावर ठेव. मग केस बांध, तोंड धू, सकाळी दहा वाजता घराच्या दारात उभी राहा आणि पदर आत्यालाच तुझ्या खांद्यावर टाकायला सांग.

तुझी,
ताई